उणे दोन मण कापूस

एकोणसाठ सालची गोष्ट. कांताबाईचा बायांचा वर्ग बंद कराचा हुकूम घेऊन ब्लॉकाचे आकडेवाले साहेब देवराव भर दुपारी दारव्ह्याकडच्या एका गावात, बौद्धपुऱ्यात आले. संग गावचे पाटील भगवानराव.

देवराव नागपुरात नवी विद्या शिकून आले होते. चौकडीच्या कागदावर ठिपके द्याचे न् त्यातून सरळ रेघ ओढाची. तवापासून दिसंल त्यातून रेघ. घरी बायकोचा राग न् वरणातलं मीठ याची रेघ काढली, तं दोन दिवस जेवण बंद झालं.

साहेबानं सारवलेल्या जमिनीवर कागद पसरला. "सात गावं, सात ठिपके. दहा बाया शिकल्या तिथं एकरी पाच मण कापूस. वीस शिकल्या तिथं चार. तुमच्या तीस, तं तीन. ठिपके पाहा, रेघेले कसे चिकटले."

"मी म्हणतच होतो," भगवानराव बोलले. "पाटी आली न् बोंड गेलं."

मांगं तीस बाया पाट्या धरून उभ्या. आज हुकूम चालला तं उद्यापासून पुन्हा अंगठा. कांताबाई चौथी शिकलेली. दीक्षा घेतल्यापासून पाटलापुढं मान खाली घालणं तिनं सोडलं होतं.

"साहेब, साठ झाल्या तं?"

साहेबानं खुशीत पट्टी सरकवली. "शून्य."

"न् ऐंशी?"

कागद संपला, पण साहेबाचा हात थांबंना. खडू घेऊन रेघ जमिनीवरून ओढत नेली, ते थेट पाटलाच्या जोड्याले टेकली. "उणे दोन मण."

"उणे म्हंजे?" पाटलानं पाय मांगं घेतला.

"म्हंजे पाटील, घरचा कापूस वावरात नेऊन बोंडाइत भरा लागीन तुमाले," कांताबाई बोलली.

बाया फसफसल्या.

"हासू नका, गणित हाय," साहेब बोलले.

"गणित हाय, पण वर्ग उघडले कोठं? बरडावर, गोट्याच्या गावाइत. काळ्या जमिनीवाल्या पाटलाइनं उघडूच देले नाही. गोट्यात कापूस कमी, त्याचा दोष आमच्या पाटीले कायले? आमी अ, आ शिकाच्या आंधीबी ह्या पाटलाचं वावर तीनच मण देत होतं."

पाटील खाकरले. साहेबानं हुकुमाचा कागद पुढं केला.

"पण हुकूम निघाला, बाई. सही करा."

कांताबाईनं हुकूम मोठ्यानं वाचला. "'तीस स्त्रियांचा वर्ग बंद करण्यात येत आहे.' रुखमाबाई, ये इकडं. वच्छलाबाई, तूबी."

कुडाआडून पाहत होत्या त्या अकरा जणी आल्या. कांताबाईनं हजेरीत नावं लिवली.

"एकेचाळीस झाल्या. तीसवाला वर्ग ह्या गावात नाही, साहेब. नवा हुकूम आणा. तवरिक ऐंशी होतीन."

साहेबानं कागद गुंडाळला. भगवानराव तडक वावराकडं निघाले, कापूस जागच्या जागी हाय का पाहाले. मांगं बाराखडी सुरू झाली, एकेचाळीस गळ्यांतून, जरा ज्यास्तच मोठ्यानं.