आईच्या उशाचं टेबल

१९१२च्या मार्चमध्ये आई गेली. मोंपार्नास वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत अकरा दिवस मी तिच्या उशाशी बसून होते. धाकटा भाऊ गास्तों चित्रकार. पलीकडच्या खोलीत, उघड्या दारासमोर तो रंगवत बसे.

"आत ये की रे, तुझं नाव घेतेय ती."

"आलोच ताई."

आला नाही.

मे महिन्यात त्याचं चित्र प्रदर्शनात लागलं. खाली पाटी होती, ‘कॅफेतलं टेबल’. फुटक्या काचेसारखे करडे, तपकिरी तुकडे. बायका हातपंख्याआड हसत होत्या आणि वोक्लेर नावाचा समीक्षक त्यांना समजावत होता, "ही रमची बाटली. हा चमचा. आणि ही वळणदार कड म्हणजे गिटार! कशी रंगेल संध्याकाळ आहे बघा."

मला मात्र ते चित्र पाहताक्षणी कळलं. बाटली समोरून दिसत होती आणि तिचं तोंड वरून. औषध ओतताना वाकलं, की मला ती अश्शीच दिसायची.

"गिटार नाही ते," मी म्हणाले. "तस्त आहे. आई त्यात रक्त ओकायची."

हशा थांबला. गास्तोंनं माझा दंड धरला. "ताईला चित्रातलं काय कळतंय? गिटारच आहे."

"आपल्या घरात कधी होती रे गिटार?"

वोक्लेरचे डोळे लकाकले. "म्हणजे मरण! वा, हे तर त्याहून सुंदर!" त्यानं वही काढली. "बाई, त्या ओकारीचा रंग कसा होता हो?"

उत्तर गास्तोंनं दिलं.

"तपकिरी. कडेला काळसर. कॉफीच्या गाळासारखा."

म्हणजे सगळं बघितलं होतं त्यानं. आई हाका मारत होती, तेव्हा हा रंग जुळवत होता. आणि रंग जुळलाही होता बरोब्बर, त्याचीच मला जास्त शिसारी आली. बाहेर येऊन मी गटारापाशी ओकले.

दुसऱ्याच दिवशी मी तूर गावी मावशीकडे निघून आले. इथं धुलाईघरात काम करते. चित्राची पाटी बदलून ‘आईच्या उशाचं टेबल’ केली आणि गास्तोंचं नाव झालं, असं ऐकलं.

परवा तो भेटायला आला, पेअरची टोपली घेऊन. भाऊच तो, जेवायला वाढलं. तो गेल्यावर त्याचा पेला राखेनं दोनदा घासला. पेअर मावशीच्या डुकरांना घातले.