तळ्याकाठच्या एका घराची हरकत

माणूस आणि निसर्ग यांचा हजारो वर्षांचा झगडा अखेर एका गुरुवारी दुपारी नगरपालिकेच्या सभागृहात कायमचा मिटणार होता. सभागृहातला पंखा बंद होता, त्यामुळे माणसांना घरी जायची घाई होती. निसर्गाच्या वतीने कुणी आलंच नव्हतं.

नवा नियम नगररचना अधिकारी बाईंनी समजावून सांगितला; नियम लवचीक आहे, असंही म्हणाल्या. तळ्याभोवतीच्या माळावर यापुढे घरं विखरून बांधायची नाहीत. ती सगळी पलीकडच्या टोकाला, एकमेकांना खेटून. उरलेली जमीन गवताला, झाडांना आणि बगळ्यांना मोकळी. टाळ्या पडल्या. बेकरीवाल्याने जरा जास्तच वाजवल्या. ते टोक त्याच्या दुकानासमोर येत होतं.

"कुणाची हरकत?"

मागच्या रांगेतून चष्मेवाले काका उठले. सगळ्या गावाला लांबचं दिसावं म्हणून या माणसाने चष्म्याच्या दुकानात जन्मभर खटपट केली. त्यांचं घर तळ्याच्या अलीकडे, एकटंच. बायको होती तोवर ते एकटं वाटत नसे. ती चार घरांचं बोलणं एकटीने बोलायची. ती गेल्यापासून ते काम बेडकांवर येऊन पडलं होतं, आणि बेडूक पडले हंगामी कामगार.

"बोला काका. घरं फार जवळ येतायत का?"

"नाही हो. फार लांब जातायत."

सभागृह हसलं. बाईंनी तोंडाशी नेलेला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "म्हणजे?"

"माळावर वस्ती होणार म्हटल्यावर मी फाटकाला रंग दिला. शेजार येणार ना! आणि तुम्ही सगळा शेजार उचलून तळ्यापलीकडे नेऊन ठेवलात. मला त्यांचे दिवे दिसतील, पण भांडणं काही ऐकू यायची नाहीत."

"अहो काका, तळं वाचवा म्हणून बोंब कोणी मारली होती?" बेकरीवाला ओरडला.

"मीच."

"आणि मोकळी जागा जितकी जास्त तितकी बरी, हे कोण म्हणालं होतं?"

"तेही मीच. पण तेव्हा ती होती रे घरात."

हशा जिथल्या तिथे बसला.

"बाई, नियम लवचीक आहे म्हणालात ना? मग वाकवा की एखादं घर इकडे."

"लवचीक आहे म्हणजे घरं सरकतात, काका. तळं नाही सरकत. तुमच्या बाजूला बगळ्यांची घरटी आहेत."

"आहेत ना. पण एकानेही आजवर कधी 'जेवलात का' म्हणून विचारलेलं नाही."

"मग तुम्हीच जा की तिकडे राहायला," बेकरीवाला म्हणाला.

"आणि माझं घर घेणार कोण? तिथे आता नवी खिडकी पाडायची तरी बगळ्याची सही लागेल."

बाईंनी रुमालाने कपाळ पुसलं. "काका, स्पष्टच सांगते. तुमची हरकत मान्य होणार नाही. मागे घेतलीत तर आजच निकाल लागेल, सगळे घरी जातील."

"आणि नाही घेतली तर?"

"तर निकाल पुढे ढकलायचा आणि मी जागेवर पाहणीला यायचं."

"जागेवर म्हणजे माझ्या घरी?"

"हो."

"उभ्या उभ्या?"

"नाही हो. बसून तुमचं सगळं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. नियमच आहे तसा."

काका खाली बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"घेतली, काकांनी मागे घेतली!" बेकरीवाल्याने परस्पर जाहीर करून पिशवी उचलली.

"हरकत आहे," काका बसल्या जागेवरून म्हणाले. "आणि चांगली ऐसपैस आहे. एका भेटीत उरकेल असं वाटत नाही."

सभागृहभर खुर्च्या करकरल्या. कुणीतरी कपाळावर हात मारून घेतला. बाईंनी काकांकडे बघत डायरी उघडली आणि त्या म्हणाल्या, "सोमवारी येते. सकाळी."

लोक बडबडत बाहेर पडले. काकाही दारापर्यंत गेले आणि तिथून परत फिरले.

"बाई, एक विनंती होती."

"काका, निकाल बदलणार नाही."

"ते कळलं हो. येताना तेवढं दूध आणाल का? घरात एकाच्याच चहापुरतं असतं."