शाण्या नाखव्याची पाऊणपट

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात भरतीची वेळ हवी असली की लोक अजूनही मोबाइल न काढता हरेश्वर नाखव्याला हाक मारतात. म्हातारा उजवा हात लेंग्याच्या खिशात घालतो, विचारणाऱ्याच्या डोक्यावरून खाडीकडे बघतो आणि वेळ सांगतो. फारशी चुकत नाही. हात खिशात का जातो हे तरुण पोरांना माहीत नाही. त्यांना तो नाखव्याचा रुबाब वाटतो. साठीच्या पुढच्या बायकांना मात्र नीट माहीत आहे. हात खिशात गेला की त्या पदराआड हसतात.

खिशातल्या हाताची बोटं मोजत असतात. चारचौघांत बोटं मोजायची त्याची सोय राहिली नव्हती, कारण एक गाणं होतं:

शाना नाखवा बोटां मोजतं गो, बोटां मोजतं
दर्या गेला घरा नि वऱ्हाड चिखलान रुजतं

अडतीस वर्षं हे गाणं हळदीला वाजत होतं. गाण्यात नाव नव्हतं, एवढीच काय ती मेहेरबानी. हरेश्वरने तेवढ्या वर्षांत एकशे सतरा हळदी अंगावर काढल्या होत्या. त्यातल्या चाळीसेक वेळा गाणं सुरू होताच त्याला पाणी प्यायला जावंसं वाटलं होतं, नऊ वेळा पायाला मुंगी चावली होती, आणि एकदा तर तो जाळं विसरलं म्हणून उठला होता, भर मे महिन्याच्या दुपारी, होडी दुरुस्तीला असताना. गाणं ज्या कमळने रचलं ती या साऱ्या सबबी ध्यानात ठेवून होती. पुढच्या हळदीला ती आपणहून तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवायची.

इथवर चाललं होतं. पण आता हेमांगीने घोळ घातला.

हेमांगी त्याची नात, मरोळच्या एका स्टुडिओत कामाला. समुद्राची गाणी कुणी, कधी, कशावरून रचली ते गाणाऱ्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करायचं काम स्टुडिओने काढलं होतं. तिने पहिलं नाव दिलं कमळआजीचं आणि पहिलं गाणं दिलं शाण्या नाखव्याचं. वर स्टुडिओत सगळ्यांना सांगून आली होती की आमच्या आजोबांसारखा पाण्याचा हिशेब मुंबईत कुणाला येत नाही, त्यांनाही बोलतं करू.

जग हसलं असतं तर हरेश्वरला चाललं असतं. जगाची त्याला सवय होती. पण लहानपणी ही पोर त्याच्या मांडीवर बसून पाऊणपट शिकली होती. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, निघेल ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर सहा. तिच्या लेखी आजोबा म्हणजे न चुकणारा माणूस. ते एक खातं त्याला शाबूत ठेवायचं होतं.

म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळीच तो बाजारात कमळच्या सुक्या मासळीच्या टोपल्यांपाशी जाऊन उभा राहिला.

"बोंबील नको," कमळ वर न बघता म्हणाली, "तुझ्या घरी काल सूनबाई घेऊन गेली. दुसरं काय काम?"

"दुपारी पोरं येतात ना तुझ्याकडे."

"येतात. साडी पण काढून ठेवलीय."

"त्यांना सांग, जुनं गाणं हाय. आजीपणजीपासून चालत आलंय."

"म्हणजे मी मेलेय?"

"कमळ, हेमांगी माझी नात हाय गं."

कमळने सोड्यांवरची माशी हाकलली. "बघू," ती म्हणाली. "तोंडाला येईल ते बोलेन."

अडतीस वर्षांत तिच्या तोंडाला काय काय आलं होतं, ते आठवत हरेश्वर घरी परतला. जेवला नाही.

दुपारी चारला कमळच्या ओट्यावर माइक लागला. हेमांगीबरोबर सुशांत नावाचा मुलगा होता, चेंबूरचा, मूळ मालवणकडचा, वागायला मऊ. त्याने कागदावर आधीच 'पारंपरिक' लिहून आणलं होतं. कमळने ते वाचलं आणि पेन मागून खोडलं.

"माझं हाय. माझ्या भावाच्या लग्नातलं. मधुकरच्या."

हरेश्वर खांबाला टेकून बसला होता. पाणी प्यायला उठावं म्हणून त्याने तांब्याकडे बघितलं. तांब्या त्याच्या हाताशीच होता, भरलेला.

कमळ सांगू लागली. नवरी खाडीपलीकडची, मढची. बाराचा मुहूर्त. वऱ्हाड दोन होड्यांतून जायचं. बेंजोवाले उशिरा आले, मामी रुसली, निघायला साडेअकरा झाले. पुढच्या होडीवर जवान नाखवा होता. तेव्हा तो मरोळला कारखान्यात जायचा, होडीवर फक्त सुट्टीला. म्हातारे म्हणत होते, पाणी उतरतंय, जेट्टीला लावू. हा म्हणाला, गणित केलंय, नऊची भरती, बारापर्यंत पाणी पुरतं, थेट नवरीच्या दारात उतरवतो. आणि दारापासून हाकेवर होडी चिखलात बसली, मागोमाग दुसरीही.

"चालत जायचं ना, आजी," सुशांत म्हणाला.

"कमरेएवढा चिखल, रे. नवी लुगडी, गजरे. अलीकडून आमची आई दिसत होती, पलीकडून नवरी. सहा तास. पोरं रडली, बेंजोवाले झोपले. संध्याकाळी पाणी भरलं तेव्हा होडी उठली नि लग्न गोरजावर लागलं. गाणं तिथंच झालं, चिखलात."

"आणि तो नाखवा?" हेमांगी हसत होती. "कोण होता तो शहाणा?"

कमळने खांबाकडे हात केला. "तुझा आजा."

हेमांगीचं हसू गालावरच राहिलं. तिने आजोबांकडे बघितलं, मग त्यांच्या खिशातल्या हाताकडे. हरेश्वरला वाटलं, झालं, वाट लागली. त्याने मान खाली घातली.

"म्हणजे आजोबांचं गणित चुकलं होतं?" ती हळू आवाजात म्हणाली.

"गणित बरोबर होतं," कमळ म्हणाली. "बारा तिथीची पाऊणपट नऊच. तिथी बारस नव्हती. एकादस होती. तिची पाऊणपट सव्वाआठ. पाऊण तास कमी पडला."

"तिथी कशी चुकली?"

"याने लग्नघराच्या दारातून ओरडून विचारलं, आज तिथी कोणती गं? आत वीस बायका. एकीने सांगितलं, बारस."

हरेश्वरने मान वर केली. ही गोष्ट त्याने आजवर कुणापुढे काढली नव्हती. नाखव्याने बायकांना तिथी विचारावी याची लाज गाण्यापेक्षा मोठी होती. कोण बोललं हे त्याला कधी कळलं नाही, आणि पुढेपुढे तर आपणच चुकलो असंच त्याला वाटू लागलं होतं.

"कोण होती ती?" त्याने विचारलं.

"मीच की."

सुशांतने माइक थोडा पुढे सरकवला.

"त्या खेपेला एकादशी लागोपाठ दोन दिवस होती," कमळ म्हणाली. "मी पहिलीला उपास धरला, सकाळी सोडला. माझ्या डोक्यात, उपास सुटला म्हणजे बारस आली. होडी बसली तशी सगळी विचारायला लागली, कुणी सांगितलं, कुणाची चूक. नि सासू माझ्या शेजारी बसलेली. ती मला चिखलातून चालत माहेरी पाठवती. मग मी गाणं काढलं. एकदा गाणं लागलं की पुरावा कोण मागतंय? सगळ्या हसायला लागल्या, सासू पण."

"अडतीस वर्षं, कमळ," हरेश्वर म्हणाला.

"सासू चार वर्षांमागे गेली. शंभराला टेकून गेली. मी तरी काय करू?"

"चार वर्षं तर होती ना तुझ्याकडे."

"ती सवयीने गेली."

हरेश्वर रागवायला बघत होता. राग कुठे सापडेना. छातीवरून भिजलेलं जाळं कुणीतरी उचलून नेल्यासारखं झालं होतं, आणि सकाळपासून न जेवल्याची भूक एकदम पोटात उभी राहिली. तो हसू लागला. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग हेमांगी हसली. तिने उठून तांब्या उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"एक कडवं कमी हाय तुझ्या गाण्यात," पाणी पिऊन तो म्हणाला.

"कमी नाय. त्याच दिवशी केलेलं. म्हटलं नाय एवढंच." कमळने पदर सारखा केला, आणि घरातल्या सुनेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं:

उपास सोडून बारस सांगी गो, कमळ सांगी
नाखव्याच्या माथी खापर नि सासूपुढं सोंगी

सुशांतने ते तीनदा म्हणवून घेतलं. मग म्हणाला, खाडीत पाणी भरण्याचा आवाजही हवा आहे गाण्याआधी. "भरती किती वाजता आहे, काका?"

हरेश्वरने सवयीने हात खिशाकडे नेला. तिथून तो परत आणला, सगळ्यांपुढे पसरला आणि अंगठ्याने एकेक पेर मोजत गेला, सावकाश, पुन्हा एकदा पहिल्यापासून.

"सप्तमी. सव्वापाच. आत्ता निघालात तर वर चढणारं पाणी ऐकाल."

"तिथी कुणाला विचारलीस?" कमळ म्हणाली.

"तुला नाय," हरेश्वर म्हणाला, आणि तिच्याच घरात हाक मारून काही खायला मागितलं.