भाता

जिन्यातच नामदेवबुवांना पेटी ऐकू आली. त्यांच्याच घरातून, त्यांचीच पेटी. चपला न काढताच ते आत शिरले. बायको उज्वला एका हाताने भाता मारत होती, दुसऱ्या हाताने मटार निवडत होती आणि आठ वर्षांची नात मैत्री पट्ट्यांवर बोटं फिरवत होती.

"माझ्या पेटीक हात कोणी लावूक दिल्यान?"

"मी दिलंय. तुमचीच नात आसा ती," उज्वला म्हणाली. "आयका तरी!"

ते ऐकतच होते, दुखणं तिथंच होतं. मैत्री वाजवत होती तो गजर गावच्या बुवांच्या पायाशी बसून बोटांत उतरवायला त्यांना दोन पावसाळे लागले होते. मैत्रीची आई नोकरीला जाताना तिला खारघरहून इथं कामोठ्याला सोडायची. आजोबांचा सराव तिने येता-जाता ऐकला असेल, तेवढाच.

"कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही. असंच आलं," मैत्री म्हणाली. "आजोबा, हेच इकडच्या पट्टीवरून पण येतं. बघा!"

आणि तिने वरच्या सुरात तोच गजर वाजवला. नामदेवबुवांना ते येत नव्हतं. त्यांची पेटी स्केल चेंजरची. खुंटी ओढली की सगळ्या पट्ट्या सरकतात, सूर बदलतो, बोटं मात्र रोजच्या जागी राहतात. त्या खुंटीच्या जिवावर त्यांची बुवागिरी चालली होती आणि हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

"पेटी म्हणजे खेळणं नाही," असं म्हणून त्यांनी झाकण लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

दुसऱ्याचं चांगलं झालं की माणसाच्या पोटात दुखतं, हे ते तळोज्याच्या कारखान्यात रोज बघत होते. पण नातीचं चांगलं झालं म्हणून दुखावं? त्यांना स्वतःची लाज वाटली. लाज वाटली म्हणून दुखायचं काही थांबलं नाही. पोरगी आता जेवणाच्या टेबलाच्या कडेवर बोटं चालवायची आणि तोंडाने सूर काढायची. ते पेपराआडून कान देऊन बसत. एकदा तरी चुकू दे, असं त्यांना वाटायचं. ती चुकायची, हसायची आणि पुन्हा वाजवायची. हसण्याचाच त्यांना जास्त राग येई.

सोसायटीच्या गणपतीत त्यांच्या मंडळाचं भजन होतं. कोकणातल्या भजनात बुवा स्वतःच पेटी वाजवतो आणि गातो, मांडव त्याचा. पण त्या संध्याकाळी घसा बसलेला. पहिल्याच अभंगाला आवाज फाटला.

"बुवा, खाली घ्या जरा," पखवाजावरचा सदू कुजबुजला.

बुवांनी खुंटी ओढली. पावसाळी हवेने लाकूड फुगलं होतं, पट्ट्या जागच्या हलेनात. आहे त्याच पट्ट्यांवरून खालचा सूर शोधायला गेले, तर बोटं भलतीकडेच पडली. टाळ थांबले.

"पेटीच बिघडलीय," ते म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं," मागून कोणीतरी म्हणालं. पोरं खिदळली.

तेवढ्यात उज्वलाजवळ बसलेली मैत्री उठून पेटीशी आली. "आजोबा, इकडून घ्यायचं," असं म्हणत तिने बोटं ठेवली. सूर बरोबर बुवांच्या बसलेल्या घशाला झेपेल असा आला. तिचा हात भात्यापर्यंत पुरत नव्हता. बुवांनी भाता धरला आणि अभंग सोडून ते तोच गजर गायला लागले.

लोक डोलायला लागले. सगळ्यांच्या नजरा पोरीच्या बोटांवर. बुवांकडे कोणी बघत नव्हतं. मत्सर असा उसळला की गजर रंगात आला असताना त्यांचा हात थांबला. भाता थांबला आणि सूर विरत विरत गेला.

मैत्रीची बोटं मात्र थांबली नाहीत. मुक्या पट्ट्यांवर ती तशीच चालत राहिली, ओठ पुटपुटत राहिले. आवाज येतोय की नाही, याच्याशी तिला जणू देणंघेणंच नव्हतं. अशी बोटं आपली कधीच चालली नव्हती, हे बुवांना कळलं. त्यांचा हात आपोआप हलला. सूर परत आला.

गजर संपला तेव्हा टाळ्या थांबेनात. "बुवा, नात काय तयार केलीत राव! मानलं तुम्हाला," सदू म्हणाला.

गप्प बसलं असतं तरी चाललं असतं.

"मी नाय शिकवलं," बुवा म्हणाले. "मी तर पेटीला कुलूप लावलेलं."

"हा आमच्या बुवांचा मोठेपणा!" सदू ओरडला आणि सगळा मांडव हसला.

मैत्री हसली नाही. ती त्यांच्या कानाशी वाकली.

"आजोबा, आता मधेच भाता सोडू नका हं."

बुवांनी मान खाली घातली. "नाय सोडत," ते म्हणाले. "तू वाजव."