कोळसेवाल्याचा किडा

"काळाच निघाला! हाही काळाच!" काखेत कोंबडी धरूनच इलारिया ओरडली, तशी डॉक्टर नोएमी हातातला माते चहाचा पेला तिथंच ठेवून धावत आली.

बरणीत काळ्या मादीची पिल्लं शेवटची कात टाकत होती. विन्चुका म्हणजे भिंतीच्या भेगेत लपून माणसाचं रक्त पिणारा किडा. त्याच्या कडेला पिवळे पट्टे ठरलेलेच. ही पिल्लं मात्र गुलाबी निघायची आणि बघता बघता काळी कुळकुळीत व्हायची.

"इलारियाबाई, ही बरणीत जन्मली, कोंबडीच्या रक्तावर वाढली. चुलीचं तोंड पाहिलं नाही. काजळी लागणार कुठून?"

"म्हणजे वेगळी जात?"

"होऊ घातलीय म्हणा. पंख मोजू, पिवळ्यांशी जोडी लावून बघू. पण वाण वेगळा आहे, आता कुणी नाही म्हणून दाखवावं!"

इलारियानं आनंदाच्या भरात कोंबडीचाच मुका घेतला. एकोणीस वर्षं ती या आरोग्यकेंद्रात गावकऱ्यांनी काडेपेटीत घालून आणलेले किडे नोंदवत होती. काळा दिसला की डोळे झाकून लिहायची, 'चुलीजवळचा, काजळी.' घरोघरी चुली, मग शंका कसली यायची!

एक काडेपेटी मात्र कुठल्याच घरातली नव्हती. तिचा नवरा कासियानो रानात कोळसा पाडायचा. एकदा तो केब्राचोच्या झाडाच्या ढोलीतून, पोपटाच्या घरट्यातून किडा घेऊन आला होता.

"इला, हा आपल्या घरातल्यांचा सोयरा नाही बघ. ह्याचं रानच वेगळं."

"आधी स्वतःचे हात बघ! तू धरलास तर बगळासुद्धा काळा होईल," ती म्हणाली होती. तोही हसला होता. पुढं याच किड्याच्या रोगानं त्याचं हृदय सुजलं आणि तीन वर्षांपूर्वी तो गेला.

"पहिला नमुना कुठला हो आपला?" नोएमीनं विचारलं.

इलारियानं कपाटातून ती काडेपेटी काढली. ओला कापूस किड्याच्या पाठीवरून फिरवला, दोनदा, तीनदा. कापूस पांढराच राहिला. एवढं तेव्हाच केलं असतं तर!

"पकडणाऱ्याचं नाव सांगा, लिहून घेते."

"आण इकडं पोरी, मी लिहिते."

तिनं वहीतल्या जुन्या नोंदीतल्या 'काजळी'वर रेघ मारली आणि ठळक अक्षरांत लिहिलं, कासियानो येरेमा. धंदा कुणी विचारला नव्हता, तरी पुढं लिहिलं, कोळसेवाला.