मास्तर प्रार्थना शिकतात

टेलरमास्तरांच्या जिभेला हाड नाही, असं गल्लीत सगळेच म्हणत. गिऱ्हाइकाचं पोट मोजता मोजता ते त्याच्या सात पिढ्यांची खबर घेत. पण देवापुढे उभं केलं की तोंडाला कुलूप. प्रार्थना हे त्या घरात पहिल्यापासून मास्तरीणबाईंचं खातं, जशी कात्री मास्तरांची.

त्या आठवड्यात मात्र प्रकरण गळ्याशी आलं. त्यांची एकुलती एक मुलगी, जिला लहानपणापासून सगळे बॉबिन म्हणत, रविवारी पाच वर्षांच्या नोकरीसाठी समुद्रापलीकडे निघणार होती. दोन वर्षांपूर्वी तिने बापाच्या दुकानात शिवलेला एक कोट खांद्यात आवळला, तेव्हा मास्तर भर गिऱ्हाइकासमोर ओरडले होते, "हिच्या हातात कलाच नाही! माझ्या दुकानात हिचं काम नाही!" पोरगी त्याच दिवशी मावशीच्या गावी गेली, ती गेलीच. आता तिचा आईला मेसेज आला होता. बाबांनी स्वतःच्या तोंडाने बोलावलं तर भेटायला येईन, नाहीतर इथूनच जाते.

तीन दिवस मास्तर फोन उचलत होते आणि खाली ठेवत होते. बाईंच्या हातात काही नव्हतं. दहा वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचे दोन्ही कान गेले होते. समोरच्याचे ओठ बघून त्या बोलणं ओळखत. फोनला कुठले आले ओठ!

"शब्दच सुचत नाहीत गं," मास्तर म्हणाले.

"मग देवाकडे मागा."

"मला कुठे येतं ते?"

"आईच्या पोटातून कोण शिकून येतं? इब्री शास्त्रात, बायबलच्या जुन्या करारात बघा की. एकेक नमुना आहे तिथे."

पहिला नमुना शहर वाचवायला निघालेला म्हातारा. पन्नास चांगली माणसं सापडली तर शहर सोडशील का? बरं, पंचेचाळीस? असं करत त्याने देवाला दहावर आणलं होतं. मास्तरांना हे भलतंच पटलं. त्यांनी डोळे मिटून लगेच सुरुवात केली, "देवा, तिनेच फोन करावा. बरं, फोन नको, मेसेज. बरं, नुसता मिस्ड कॉल."

"अहो, त्याने दुसऱ्यांसाठी घासाघीस केली होती. तुम्ही स्वतःची कातडी वाचवताय," बाई म्हणाल्या.

दुसरा नमुना आजारी राजा. त्याने भिंतीकडे तोंड करून रडत रडत गाऱ्हाणं घातलं होतं. मास्तर दोन मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि वळून म्हणाले, "इथे ओल आली आहे. प्लास्टर काढावं लागणार." बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

मग त्यांनी आपली सगळ्यात आवडती गोष्ट काढली. मूल नसलेली एक बाई मंदिरात नुसते ओठ हलवत होती, आणि म्हाताऱ्या पुजाऱ्याला वाटलं, ही दारू प्यायली आहे. "म्हणजे आवाजसुद्धा लागत नाही बघा," बाई म्हणाल्या. "पोटातलं खरं मात्र लागतं."

एवढं सांगून त्या काज-बटणाला बसल्या. मास्तर कापडाच्या टेबलाशी डोळे मिटून उभे राहिले, आणि थोड्या वेळाने त्यांचे ओठ हलायला लागले. दुसऱ्याची प्रार्थना वाचणं म्हणजे दुसऱ्याचं पत्र फोडणं, हे बाईंना कळत होतं. पण डोळ्यांना झाकणं असतात, हे त्या सोयीस्करपणे विसरल्या.

माप चुकलं. माप चुकलं. परत परत तेच.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पोरगी चालली परमुलखात, आणि तुम्ही देवापुढेही मापंच घेऊन बसलात?"

मास्तरांनी डोळे उघडले. ते ओले होते. "माप नाही गं. बाप. बाप चुकला."

प, ब, म ओठांवर सगळे सारखेच दिसतात, आणि शेवटी 'लं' आहे की 'ला', तेही धड कळत नाही. दहा वर्षांत बाई यात शंभरदा फसल्या होत्या, पण एवढी लाज कधी वाटली नव्हती. "त्या पुजाऱ्याला मी जन्मभर नावं ठेवली," त्या म्हणाल्या, "आणि आज मीच त्याची गादी चालवली."

"तसं मापही चुकलंच होतं," मास्तर खाली बघून म्हणाले. मग बायकोला दिसावं म्हणून त्यांनी मान वर केली. "खांदा अठरा भरला होता, मी वहीत सोळा लिहिला. तिने माझ्या मापानेच कापलं. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. दोन वर्षं गिळून बसलो."

बाईंना राग आला आणि त्याच दमात कीवही आली. "मला सांगून काय उपयोग? जिचं आहे तिला सांगा," म्हणत त्यांनी फोन त्यांच्या हातात कोंबला.

या वेळी बाईंनी मास्तरांच्या ओठांवरची नजर हलू दिली नाही. "बॉबिन, ठेवू नकोस. कोट तू नाही बिघडवलास. मी बिघडवला. भेटून जा गं."

मग मास्तर नुसतेच ऐकत राहिले. बाईंचा जीव टांगणीला. "काय म्हणते? अहो, काय म्हणते?"

"म्हणते, तिला माहीत होतं. कोट गिऱ्हाइकाच्या अंगात चढला तेव्हाच तिने खांदा नजरेने मोजला होता. त्याच्यासमोर बापाची लाज जायला नको, म्हणून बोलली नाही."

एवढं सांगून मास्तर हमसाहमशी रडायला लागले, आणि रडणाऱ्या माणसाचे ओठ काही वाचता येत नाहीत. त्यामुळे पोरगी शुक्रवारी सकाळच्या गाडीने येतेय, हे कळायला बाईंना चांगली पाच मिनिटं थांबावं लागलं.