दंडावर चकती, ड्रॉवरमध्ये मी

मी ॲप्लिकेटर बोलतोय. नाव ऐकलं नसेल, ऐकणार कुठून? साखर मोजणारी चकती सगळ्यांना ठाऊक असते. ती दंडावर टोचून बसवतो मी, पण माझं काम 'खट्' म्हणेपर्यंत संपतं. चकतीबाई मग पंधरवडाभर दंडावर मिरवतात. माझा जळफळाट होणार नाही तर काय!

माझी थोरली भावंडं चिकटवून बंद केलेली असायची. एकदा वापरली की थेट भट्टीत. मला मात्र कारखान्यातल्या एका इंजिनिअर बाईंनी स्क्रू लावले, उघडून पुन्हा भरता यावं म्हणून. तिथले साहेब हसले, "परत कोण आणून देणार हो? लोक कचऱ्यात टाकतील."

बाई म्हणाल्या, "औषधाच्या दुकानात देतील. माल उतरवून आपली गाडी रिकामीच येते ना? तीच घेऊन येईल."

असा मी एका निवृत्त बसचालकाच्या घरी आलो. त्याच्या बायकोने मला त्याच्या दंडावर दाबलं. खट्! चकती बाहीआड गेली, मी टेबलावर.

पण त्या घरात जळणारा मी एकटा नव्हतो. आजवर रोज सकाळी बायकोच नवऱ्याचं बोट धरून रक्त तपासायची. आता चकती साखरेचा आकडा थेट फोनवर धाडायची, आणि तो उठला की फोन बघायचा.

"अहो, किती आहे साखर?"

"फोनमध्ये आहे सगळं. तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

मला दुकानात द्यायचं सोडून तिने ड्रॉवरमध्ये ठेवलं. "एवढं तरी माझ्या हातातलं राहू दे," स्वतःशीच पुटपुटली.

एका दुपारी तिने विचारलं, "चहा ठेवू?"

तो म्हणाला, "कुठल्या स्टॉपला?"

तिने धावत येऊन कपाळाला हात लावला. घामाने थबथबलेलं! साखर पार उतरली होती. साखरेचं पाणी करून तिने ते घोट घोट पाजलं. चकती बिचारी तिकडे बोंबलत होती, पण फोनची बॅटरी केव्हाच संपलेली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

तो सावरला. "उद्यापासून फोन तूच सांभाळ बाई."

"फोन ठेवा तुमच्याकडेच. सकाळी बोट तेवढं माझ्याकडे द्या."

दुसऱ्या दिवशी तिने मला दुकानात नेऊन दिलं. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिच्या मनातली जळजळ विझली होती. आता मला तिचाही हेवा वाटला.

कारखान्यात मला उघडलं, सुई बदलली, जंतू मारले. आज पोटात नवी चकती घेऊन मी पुन्हा गाडीत बसलोय. कुठलं घर, कुणाचा दंड, देव जाणे. काम झालं की मला दुकानात द्या, कचऱ्यात टाकू नका. आणि एक मागणं आहे. दंडावर दाबलंत की लगेच उचलू नका. क्षणभर टेकू द्या.